आवड आणि मालकी

‘माझे’ या शब्दाइतका सैलपणे वापरला जाणारा शब्द आपल्या भाषेत क्वचितच दुसरा असेल. ‘माझे घर’, ‘माझे कुळागर’ असे म्हणणारा मनुष्य प्रसंग आला तर पेटीतून कागद काढून आपले म्हणणे शाबीत करू शकतो. परंतु तोच मनुष्य ‘माझी मांडवी’, ‘माझी भैरवी’, ‘माझा नेहमीचा चहा’, ‘माझी रविवारची मालिका’ असेही तितक्याच सहजपणे बोलून जातो, आणि तेथे मात्र त्याच्याकडे कागद मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. मालकी मिळण्याचे जे मार्ग कायद्याला ठाऊक आहेत, म्हणजे खरेदी, वारसा, दान, दीर्घकाळची वहिवाट, त्यांपैकी एकाही मार्गाने ही नदी, हा राग किंवा हा चहा त्याचा झालेला नसतो. तरीही तो खोटे बोलत आहे असे आपल्याला वाटत नाही. मग या ‘माझे’पणाचा अर्थ तरी काय?

ही केवळ बोलण्याची लकब असती, तर प्रश्न उद्भवलाच नसता. पण ती लकब नव्हे, याचा पुरावा आपल्याला दुःखाच्या वेळी मिळतो. आवडत्या साबणाचा वास बदलतो, आकाशवाणीवरचा लहानपणापासूनचा कार्यक्रम एके दिवशी लागतच नाही, ज्या पारावर संध्याकाळी बसावे त्या पारावरचा वड तोडला जातो, आणि आपण संतापून विचारतो, ‘हे करण्याचा यांना अधिकार काय?’ कायद्याचे उत्तर बहुधा रोखठोक असते: पूर्ण अधिकार. वस्तू त्यांची, जागा त्यांची, निर्णयही त्यांचा. कायद्यात एक जुने तत्त्व आहे. हानी झाली म्हणजे हक्कभंग झालाच असे नाही; आणि हक्कभंग नसेल, तर हानी कितीही मोठी असो, फिर्याद चालत नाही. तेव्हा दोनच पर्याय उरतात. एक तर आपले दुःख हा शुद्ध भ्रम आहे, नाही तर आवडीचे स्वतःचे असे काही न्यायशास्त्र आहे व ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नाही. या दुसऱ्या पर्यायाचा थोडा विचार करण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम सर्वांत हलके वाटणारे उदाहरण घेऊ. 1977 साली कोकाकोला कंपनी भारतातून निघून गेली आणि त्याच वर्षी पार्ले कंपनीने ‘थम्स अप’ बाजारात आणले. पुढची सोळा वर्षे लग्नाच्या मांडवात, एस. टी. च्या थांब्यावर आणि परीक्षा संपल्याच्या दुपारी ते प्यायले गेले. 1993 साली कोकाकोला परत आली व तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पेये त्यांच्या नावांसह विकत घेतली. या व्यवहारात नेमके काय विकले गेले? साखर आणि वायू मिसळलेले पाणी कोणालाही करता येते. मोल होते ते नावाचे. म्हणजे कायद्यात ज्याला नावलौकिक म्हणतात त्याचे. गिऱ्हाइकाला दुकानाकडे ओढून आणणारी शक्ती म्हणजे नावलौकिक, अशा आशयाची व्याख्या इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड मॅकनॉटन यांनी 1901 साली केली, आणि वकिलांच्या पिढ्यान् पिढ्या तिचा आधार घेत आल्या आहेत. पण ही शक्ती राहते कोठे? कारखान्यात नाही, बाटलीतही नाही. ती राहते पिणाऱ्यांच्या मनात. म्हणजे मन माझे, मनातील आवड माझी. तिचे मूल्य मात्र दुसऱ्याच्या जमाखर्चात मांडलेले, आणि विक्रीच्या दस्तात माझी सही कोठेही नाही! कायद्याच्या दृष्टीने यात काडीचाही अन्याय नाही. पण आपण ज्याला ‘माझे’ म्हणतो त्याची कायदेशीर किंमत काय, हे कळण्यास एवढा दाखला पुरे.

याच कंपनीची अमेरिकेतील कथा अधिक बोधप्रद आहे. 23 एप्रिल 1985 रोजी तिने आपल्या पेयाची जुनी चव काढून घेऊन नवी चव आणली. हा निर्णय अविचाराने घेतलेला नव्हता. सुमारे दोन लाख लोकांना नाव न सांगता चव देऊन पाहिली होती व बहुसंख्यांनी नवी चव पसंत केली होती. तरीही देशभर निषेधाचा गदारोळ उठला. फोनांचा आणि पत्रांचा पाऊस पडला; एका गृहस्थाने तर कोर्टाची पायरी चढली, आणि त्याची फिर्याद फेटाळली गेली. अखेर एकोणऐंशी दिवसांनी, 11 जुलै रोजी, कंपनीला जुने पेय परत आणावे लागले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लोकांच्या जिभेने एक निकाल दिला होता आणि त्यांच्या मनाने दुसरा. जिभेला विचारले होते, ‘चांगले कोणते?’ मनाला मात्र कोणी विचारलेच नव्हते की, ‘तुझे कोणते?’

चांगले आणि आवडते हे दोन भिन्न प्रांत आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. चांगल्याला कारणे असतात, त्यामुळे त्याची तुलना होऊ शकते. अधिक चांगले दिसले की आपण त्याच्याकडे वळू शकतो, किंबहुना वळलेही पाहिजे. आवडत्याचे तसे नसते. तेथे सहवासाचा इतिहास असतो, आणि इतिहासाची अदलाबदल होत नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, मग आपण वस्तूवर प्रेम करतच नाही. आपण आपल्याच गतकाळावर प्रेम करतो, आणि वस्तू ही त्याची केवळ खुंटी असते. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेचेच पाहा. जानेवारी 1987 ते जुलै 1988 या काळात रविवारी सकाळी ती लागली की रस्ते ओस पडत. ज्याच्या घरी संच असेल त्याच्या घरी आळी जमे. दारे उघडी टाकावी लागत, आणि पुष्कळांनी उंबऱ्यावर बसून ती पाहिली. मार्च 2020 मध्ये साथीमुळे देश घराघरांत बंद झाला, तेव्हा तीच मालिका पुन्हा दाखवण्यात आली. चित्रे तीच, संवाद तेच. पण त्या वेळी शेजाऱ्याला घरात घेणेच निषिद्ध होते. जुन्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी ती पुन्हा प्रेमाने पाहिली, आणि तरी काहीतरी उणे आहे असे त्यांना जाणवले. उणी होती ती आळी. आपण ज्याला मालिकेची आवड म्हणत होतो, तिच्यात उंबऱ्यावर दाटीने बसलेल्या माणसांचा वाटा किती मोठा होता, हे तेव्हा उमगले.

तथापि या आक्षेपाने सर्व प्रश्न मिटत नाही. आवडीत आठवणीचा अंश असतो हे खरे. पण म्हणून आवड म्हणजे निव्वळ आठवण असे ठरत नाही. आईवरील प्रेमातही आपल्या बालपणाची आठवण मिसळलेली असते. तेवढ्यावरून आपण आईवर नव्हे तर स्वतःवरच प्रेम करतो, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा परीक्षा दुसरीच लावली पाहिजे. तिच्याकडे वळण्यापूर्वी कायद्याने आवडीला कोठवर जागा दिली आहे, हे पाहणे उचित होईल.

1610 साली इंग्लंडमध्ये ऑल्ड्रेड नावाच्या गृहस्थाचा एक खटला चालला. शेजाऱ्याने त्याच्या घराला लागून डुकरांचे खुराडे बांधले होते. कोर्टाने दुर्गंधीबद्दल त्याला दाद दिली. कारण स्वच्छ हवा ही गरज आहे. परंतु त्याच निकालपत्रात एक भेद कायमचा नमूद झाला: घरातून दिसणारा देखावा अडवला गेला तर दाद मिळणार नाही, कारण देखावा ही गरजेची नव्हे, तर केवळ आनंदाची बाब आहे. आपल्याकडील 1882 च्या वहिवाटीच्या कायद्यातही हीच रेषा दिसते. खिडकीतून येणारा उजेड आणि वारा वीस वर्षे शांतपणे, अखंड उपभोगला, तर त्यावर हक्क सांगता येतो; पण त्याच खिडकीतून वीस वर्षे नदी पाहिली, म्हणून नदी दिसत राहण्याचा हक्क मिळत नाही. कायदा निष्ठुर आहे म्हणून असे झाले, असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येकाच्या आनंदाला हक्काचे रूप दिले, तर गावात एक भिंतही उभी राहणार नाही. माझी आवडती नदी दिसावी म्हणून शेजाऱ्याने घरच बांधू नये, असे म्हणण्यात प्रेम थोडे व दांडगाई जास्त आहे.

जेथे रसिकाला हक्क नाही, तेथे निदान निर्मात्याला तरी आहे काय? काही अंशी आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले भव्य कांस्यशिल्प 1979 साली भिंतीवरून उतरवण्यात आले व त्याची नासधूस झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली निर्णय दिला की, कलाकृती विकली तरी तिच्याशी असलेले कलावंताचे नाते विकले जात नाही. उरलेले शिल्प त्यांना परत करावे व पाच लाख रुपये भरपाई द्यावी. हा निकाल वाचताना रसिकाला धीर येतो. पण त्याच शहरात 1972 साली उभे राहिलेले ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे नामांकित प्रदर्शनगृह एप्रिल 2017 मध्ये पाडण्यात आले. त्याचे वास्तुकार राज रेवाल न्यायालयात गेले, तेव्हा 2019 साली त्याच न्यायालयाने सांगितले की, मालकाने आपली इमारत पाडू नये असे वास्तुकार म्हणू शकत नाही. ज्याने ती वास्तू कल्पिली, त्याची जेथे ही स्थिती, तेथे तिच्या सावलीत बसून नुसता आनंद घेतलेल्या माणसाची कथा काय!

तात्पर्य, हक्काच्या कोर्टात आवडीचा दावा टिकत नाही. आणि माझ्या मते तो टिकू नये, हेच योग्य. आपल्या परंपरेने ममत्वाकडे संशयाने पाहिले, ते उगीच नव्हे. ‘मम’ म्हणजे माझे, आणि त्या माझेपणाने बांधले जाणे म्हणजे ममत्व. परंतु परंपरेने ज्याचा निषेध केला ते कवटाळणे होते, प्रेम नव्हे. ईशोपनिषदाचा आरंभच उपभोगाची अनुज्ञा देतो, आणि त्याच श्वासात लोभाचा निषेध करतो. ज्याचा आनंद घ्यायचा, ते आपल्या मुठीत असलेच पाहिजे असे नाही. कदाचित मुठीत नसल्यामुळेच त्याचा आनंद निर्मळ राहतो.

वर जी परीक्षा म्हटली ती येथे लावता येते. आवडती वस्तू माझ्यावाचून दुसऱ्याला मिळाली, मला तिचा काही उपयोग उरला नाही, तरी तिचे भले व्हावे असे मला वाटते काय? वाटत असेल तर ती आवड. वाटत नसेल तर तो मोह. या परीक्षेला उतरलेल्या आवडीचे एक उदाहरण आमच्या गोव्याशी जोडलेले आहे. फोंडा तालुक्यातील केरी या गावी 1892 साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका, ‘जात कहाँ हो’, रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाला अतिशय प्रिय होती. तिच्यावर त्याची मालकी नव्हती; तबकडी कंपनीची, गाणे बाईंचे, आणि राग तर कोणाचाच नव्हे. 1977 साली अमेरिका ‘व्हॉयेजर’ याने सूर्यमालेपलीकडे धाडणार होती, आणि त्यांबरोबर पृथ्वीचे संगीत म्हणून काय पाठवावे याचा विचार सुरू झाला. तेव्हा ब्राउनने याच गाण्याची शिफारस केली. ती तबकडी त्या वेळी दुर्मिळ झाली होती. शोधाशोध करून न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानात ती मिळवावी लागली. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही याने निघाली, आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी केसरबाई निवर्तल्या. त्यांपैकी पहिले यान 2012 साली आंतरतारकीय अवकाशात शिरले. साडेतीन मिनिटांची ती भैरवी आता जेथे आहे, तेथे ती ऐकण्यास ब्राउन जाऊ शकत नव्हता, आपणही जाऊ शकत नाही. ज्याला ती आवडली त्याने ती स्वतःजवळ ठेवली नाही. तिच्यासाठी साक्ष दिली, आणि साक्ष देऊन तो बाजूला झाला.

‘साक्ष’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. पक्षपात हा न्यायाधीशाचा सर्वांत मोठा दोष. ज्या दाव्यात त्याचा जीव गुंतला आहे, तो दावा त्याने चालवू नये, हा न्यायाचा पहिला नियम. या नियमाने पाहिले तर आवड ही न्यायासनावर बसण्यास सर्वस्वी अपात्र आहे. ‘मला आवडते, म्हणून तेच श्रेष्ठ’ हे वाक्य संगीताच्या बैठकीत जितक्या वेळा ऐकू येते, तितक्या वेळा ते नामंजूर व्हावयास हवे. परंतु साक्षीदाराचे तसे नाही. साक्षीदार जवळचा असला म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही. उलट, जो जवळ होता त्यालाच दिसलेले असते. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की त्याने खरे सांगावे, आणि उलटतपासणीला उभे राहावे. म्हणून जो आपल्या आवडत्या गवयाचा बेसूर लागलेला स्वर कबूल करतो, आपल्या आवडत्या गावाची गटारेही पाहतो, त्याच्या प्रेमावर अधिक विश्वास ठेवावा. आंधळे प्रेम हे फितूर साक्षीदारासारखे. ते आपल्याच पक्षाचा घात करते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘माझे’पणाचा अर्थ मालकी नव्हे, तर मग काय? याचे उत्तर आपल्या भाषेने केव्हाच देऊन ठेवले आहे. आपण ते रोज उच्चारतो, पण ऐकत नाही. मराठीत ‘मी मांडवी आवडतो’ असे कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘मला मांडवी आवडते.’ कोंकणीतही तसेच: ‘म्हाका मांडवी आवडटा.’ या वाक्याचा कर्ता मी नाही, मांडवी आहे. क्रिया तिची, आणि मी चतुर्थीत उभा. चतुर्थी ही संप्रदानाची विभक्ती, म्हणजे ज्याला काही दिले जाते त्याची. आवडणे ही आपण करण्याची गोष्ट नसून आपल्याला मिळण्याची गोष्ट आहे, असे दोन्ही भाषांचे व्याकरण एकमुखाने सांगते. नदी आपले रूप देते, गाणे आपला स्वर देते, आपण घेणारे. तेव्हा आवडीचा दस्त हे खरेदीखत नव्हे आणि वहिवाटीचा दाखलाही नव्हे. ते दानपत्र आहे.

दानाविषयी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात एक मार्मिक तरतूद आहे. अनेक वस्तूंचे एकत्र दान दिले असेल आणि त्यांतील एका वस्तूवर बोजा असेल, तर फायद्याच्या वस्तू तेवढ्या घेऊन बोजाची वस्तू नाकारता येत नाही. घ्यायचे तर सर्व घ्या, बोजासह घ्या. नाही तर काहीच मिळणार नाही. आवडीचे दान नेमके याच प्रकारचे आहे. आनंद तेवढा घेऊन कर्तव्य नाकारण्याची सवलत तेथे नाही. ज्याने आनंद घेतला त्याने त्या वस्तूची माहिती करून घ्यावी, तिच्याविषयी खरे बोलावे, ती दुसऱ्यापर्यंत पोचवावी, आणि तिची हेळसांड होत असेल तर गप्प बसू नये. हक्क म्हणून नव्हे, तर घेतलेल्याची परतफेड म्हणून.

पणजीच्या कांपाल भागातील कला अकादमीची वास्तू याची साक्ष देईल. मूळचे गोव्याच्या घराण्यातील वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ती अशी रचली की रस्त्यावरून येणारा मनुष्य तिकिटावाचूनही तिच्यातून चालत मांडवीच्या काठापर्यंत जावा. आतील दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक चितारले. त्यामुळे नाटकाला गर्दी असो वा नसो, ते प्रेक्षागृह कधी रिकामे वाटले नाही. या वास्तूचे नूतनीकरण चालू असताना जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला, तेव्हा गोव्यातील हजारो माणसांना आपल्याच घराचे छप्पर गेल्यासारखे वाटले. इमारत सरकारची; त्या हजारांपैकी एकाचेही नाव तिच्या उताऱ्यावर नाही. पण कलाकार एकत्र आले, त्यांनी जाब विचारला, आणि आपल्या मंडळाला त्यांनी नाव घेतले ‘कला राखण मांड’. त्या नावातील मधला शब्द मला फार मोलाचा वाटतो. मालकी नव्हे, ताबा नव्हे, राखण.

गोव्याच्या गावरहाटीत भाटकार कोण आणि मुंडकार कोण, हे कागदावर लिहिलेले असते. राखणदाराचे नाव कोणत्याही कागदावर नसते. तो गावाचा अदृश्य रक्षक. रात्री हातात काठी घेऊन तो वेशीवरून फिरतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, आणि लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. गावातील एक वीतभर जमीन त्याच्या मालकीची नाही. तरीही गाव जितके त्याचे, तितके ते एकाही भाटकाराचे नसेल. त्याला विचारले की हे गाव कोणाचे, तर तो ‘माझे’ असेच म्हणेल, आणि ते खोटे ठरणार नाही. आवडीचा ‘माझे’ हा त्याच्या ‘माझे’चा सखा आहे. ज्याच्या वहाणा झिजल्या नाहीत, त्याने तो शब्द जरा जपून उच्चारावा, एवढेच.